धुराचा वास आणि पेगचा दर : आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

शनिवारी आपण आमच्या परमिट रूममध्ये दहा वर्षांच्या लाफ्रॉइग या स्कॉच व्हिस्कीचे दोन पेग घेतलेत आणि नंतर लिहिलेत की, तिला दवाखान्यातील पट्टीचा वास येत होता, सबब बाटलीत भेसळ असावी, शिवाय ३० मिलीला ६५० रुपये ही लूट आहे. भेसळीचा आरोप गंभीर असल्याने सविस्तर लिहितो.

वास आपण अचूक ओळखलात. लाफ्रॉइग जिथे बनते त्या स्कॉटलंडच्या आयला बेटावर झाडे थोडी आणि दलदल फार; त्या दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजून साचलेल्या शेवाळ-झुडपांच्या थरांना पीट म्हणतात, आणि तेच कापून, वाळवून जाळण्याची तिथली जुनी रीत आहे. मोड आलेले सातू त्या धुरावर वाळवले की धुरातील फिनॉल वर्गातील द्रव्ये दाण्यात उतरतात आणि पुढे ऊर्ध्वपातन होऊन, पिंपात दहा वर्षे काढूनही पुरती जात नाहीत. डेटॉलमधील मुख्य द्रव्यही याच कुळातले आहे. आपल्याकडे हुरडा भाजताना गोवऱ्यांचा धूर कणसाला लागतो, तो आपल्याला हवासा वाटतो, कारण ती सवय लहानपणापासूनची; पीटची सवय मात्र सोलापुरात कोणाला असणार? मलाही पहिला घोट आवडला नव्हता.

चूक आमची झाली ती वाढण्यात. वेटरने न विचारता ग्लास बर्फाने भरला, दुसऱ्या पेगमध्ये सोडा ओतला आणि सोबत शेंगाचटणी ठेवली. गारठ्याने या व्हिस्कीतला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, गोडवा दबतो, धूर तेवढा पुढे येतो, आणि लसूण-तिखटापुढे उरलेसुरले काही कळत नाही. ती आधी नुसती हुंगावी, छोटा घोट जिभेवर फिरवावा, मग चमचाभर साधे पाणी घालून पुन्हा चाखावी. बहुतेकांना गोडवा आणि समुद्राचा खारटपणा तेव्हाच जाणवतो.

दराचे म्हणाल तर ७५० मिलीच्या बाटलीत २५ पेग बसतात आणि छापील किमतीच्या हिशेबाने आमचा दर जवळपास दुप्पट पडतो, हे खरे आहे. त्यात परवान्याचे शुल्क, जागा, नोकरवर्ग आणि महिनोन्‌महिने अर्धी पडून राहणारी बाटली आली. तरीही ज्याला धूर रुचत नाही त्याच्यासाठी ती कोणत्याही दरात महागच, हे मी मान्य करतो. उलट धुरासाठीच घेणाऱ्याने केवळ वय पाहून जास्त पैसे मोजू नयेत, कारण पिंपात वर्षे वाढतात तसा धूर मवाळ होतो. सुरुवात करायची असेल तर बेंगळुरूची अमृत पीटेड ही व्हिस्की आमच्याकडे स्वस्तात मिळते. तिच्यातही स्कॉटलंडचेच धुरावलेले सातू असतात.

पहिल्या पेगची रक्कम परत करणार नाही, कारण माल अस्सल होता. ती बाटली आणि तिची खरेदीपावती काउंटरवर पाहता येईल. दुसऱ्या पेगचे ६५० रुपये मात्र, बिल दाखवताच, परत मिळतील.