नुकसानीचा आकडा नेहमी अंदाजेच सांगावा

आपल्या दुकानाची काच, दारातली गाडी किंवा मागावरची साडी कुणी फोडली, जाळली वा फाडली, तर सर्वप्रथम झाडू हाती घ्यावा. पोलीस महजर, म्हणजे जागेचा पंचनामा, करायला येईपर्यंत काचेचा एकही तुकडा जागेवर राहता कामा नये, कारण आल्यागेल्याने दुकानाची ती अवस्था पाहणे आपल्या अब्रूला बरे नाही आणि न्यायाधीशांनी पाहणे आरोपीला बरे नाही.

जुना कायदा या बाबतीत फार मायाळू होता. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 427 ला, म्हणजे मुद्दाम केलेल्या नुकसानीच्या गुन्ह्याला, 50 रुपयांचे नुकसान पुरत असे, आणि अलीकडच्या काळात 50 रुपये सिद्ध करायला कुणी इंजिनिअर बोलावत नसे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र कलम 324 मध्ये पायऱ्या बांधल्या आहेत. नुकसान 20 हजारांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. आणि 20 हजारांच्या आतले खासगी मालमत्तेचे साधे नुकसान अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासच करता येत नाही. पूर्वी किंमत ही फिर्यादीची शोभा होती, आता ती गुन्ह्याचाच भाग झाली आहे. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा निर्णय ठाण्याच्या बाकावर बसून, सोबत आलेल्या शेजाऱ्याला ‘किती झालं असंल रे?’ असे विचारून घेण्याची आपली प्रथा त्यामुळे अधिकच निष्ठेने पाळली पाहिजे.

समजा, आपण बेळगावातल्या वडगाव-खासबागेकडचे विणकर आहात. यंत्रमाग इचलकरंजीहून जुना आणलेला, पैसे रोख मोजलेले, पावती मागितली तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ती मागितलेली नाही. एका रात्री कुणी शत्रुत्वाने बीमवरचे सूत कापले, फणी वाकवली आणि धोट्यांचे तुकडे केले. आता किंमत कशाची सांगणार? नव्या मागाची, जुन्या मागाची, मोडीत वजनावर जाणाऱ्या लोखंडाची, की फक्त दुरुस्तीच्या खर्चाची? अर्धवट विणलेल्या साडीचे सूत वेगळे, तिची मजुरी वेगळी, आणि माग बंद राहिल्याने बुडालेली आठवड्याची कमाई तर मालमत्तेच्या नुकसानीत धरता येईल की नाही हाच वाद. हे सगळे वेगवेगळे मांडायला एक कागद आणि अर्धा तास लागतो. तेवढी तसदी घेऊ नये. सगळे एकत्र कालवून ‘एकूण अंदाजे एक लाख दहा हजार’ असे ठोकून द्यावे. उलटतपासणीत वकीलसाहेब त्यातला एकेक पदर सोडवू लागतील, तेव्हा आपल्यालाही प्रथमच कळेल की त्या एक लाख दहा हजारांत नेमके काय काय होते.

फिटरकडून एस्टिमेट घ्यायचेच असेल तर कोऱ्या कागदावर घ्यावे, त्यावर तारीख नसावी आणि सही वाचता येऊ नये. हा कागद फिर्यादीला जोडला की किंमत सिद्ध झाली, असा दृढ विश्वास बाळगावा. कागद लिहिणाऱ्याने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन आकडा कशावरून काढला हे सांगितल्याशिवाय तो कागद फारसा बोलत नाही, ही गोष्ट मनाला लावून घेऊ नये. फिटर इचलकरंजीचा, कोर्ट बेळगावचे, समन्स सीमा ओलांडून जायचे. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल केला आणि तो अजून चालू आहे. त्या मानाने फिटर नक्कीच लवकर येईल.

पंच निवडताना शेजारधर्म पाहावा. ज्याला कन्नड वाचता येत नाही असा मराठी गृहस्थ यासाठी सर्वोत्तम, कारण कन्नडमध्ये लिहिलेल्या महजरवर तो कोणतीही शंका न काढता सही करतो. पुढे कोर्टात ‘यात काय लिहिले आहे ते तुम्हाला कुणी समजावून सांगितले होते काय?’ असा प्रश्न आला की तो तितक्याच प्रामाणिकपणे नाही म्हणतो. मजकूर मराठीत समजावून घेऊन, तसे समजावल्याची ओळ महजरमध्येच लिहवून घेण्याची सूचना काही वकील करतात, पण अशा सूचना करणाऱ्यांना भिडेचे महत्त्व ठाऊक नसते.

मोबाईलवर फोटो जरूर काढावेत, तालुक्यातल्या सर्व ग्रुपवर पाठवावेत आणि मग मोबाईल एक्स्चेंजमध्ये देऊन टाकावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 अशा फोटोसोबत प्रमाणपत्र मागते, त्यात तज्ज्ञाचीही सही लागते. इतक्या सुंदर फोटोला प्रमाणपत्र कशाला, असे म्हणून तो विषय तिथेच सोडावा.

दुकानदारांनी याहून पुढे जावे. जीएसटीच्या विवरणात गोदाम जवळजवळ रिकामे, विम्याच्या दाव्यात अर्धे भरलेले आणि फिर्यादीत खच्चून भरलेले असावे. तिन्ही कागदांवर आपलीच सही असल्याने बचाव पक्षाला वेगळा साक्षीदार आणावा लागत नाही.

सरकारी मालमत्तेची चिंता आपण करू नये. बसची काच फुटली तर डेपोकडे खरेदीची नोंद आणि दुरुस्तीचे बिल असते, शिवाय 1984 चा सार्वजनिक मालमत्ता हानी प्रतिबंधक कायदा हाताशी असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तर तोडफोडीच्या गुन्ह्यातील जामिनासाठी ठरलेल्या नुकसानीइतकी रक्कम भरण्याची अट घालण्याचा मार्ग सांगितला. रक्कम आधी ठरायला हवी, एवढीच त्यातली अडचण. आंदोलनानंतरच्या सकाळी वर्तमानपत्रात ‘लाखोंचे नुकसान’ छापून येतेच, तीच रक्कम समजावी.

एवढे करूनही खटला उभा राहिलाच, तर खचून जाऊ नये. खासगी माणसाचे लाखाच्या आतले नुकसान असेल तर तडजोडीची सोय कायद्यातच आहे. तारखांना कंटाळून एक दिवस कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन्ही बाजू बसतात, आरोपीचा काका 15 हजारांपासून सुरुवात करतो, आणि फिर्यादीतले एक लाख दहा हजार ‘त्यावेळी रागात जरा जास्तच सांगितले होते’ असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येते. मग 18 हजारांवर सौदा ठरतो आणि मागाच्या नुकसानीची किंमत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना मान्य होते. चहाचे पैसे मात्र फिर्यादीनेच द्यायचे असतात.