वारा पडला म्हणून वादळ सरत नाही

‘चार वाक्यांत वादळ समजून घ्या’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या फिरतो आहे. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ वाहतो. दमट हवा जड असल्याने खाली येते आणि पाऊस पडतो. वर चढणारी हवा इतकी संथ असते की तिला महत्त्व नाही. आणि चक्रीवादळात वारा एकदम पडला की वादळ सरले असे समजून घराबाहेर पडावे, ही ती चार वाक्ये. किनाऱ्यालगत राहणाऱ्या माझ्या मावशीने ‘जपून ठेव, उपयोगी पडेल’ असे लिहून तो मला पाठवला, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

चौथे वाक्य आधी घेतो, कारण ते जीवघेणे आहे. चक्रीवादळात दमट हवा चहूबाजूंनी केंद्राकडे वळत येते, पण केंद्र जसजसे जवळ येते तसतसा तिचा गरगरण्याचा वेग इतका वाढतो की केंद्र गाठण्याआधीच एका कड्यात ती वर उसळते. ढगांचे हे कडे म्हणजे डोळ्याची, म्हणजे वादळाच्या मधल्या शांत भागाची, भिंत, आणि सर्वांत जोराचा वारा तिथेच असतो. वर गेलेली बहुतेक हवा बाहेर पसरते, थोडी मात्र मध्यभागी सावकाश खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन ती तापते, तिच्यातले ढग विरतात, आणि साधारण ३० ते ६० किलोमीटर रुंदीच्या त्या डोळ्यात वारा पडून कधी निळे आभाळही दिसते. डोळा पुढे सरकला की भिंतीची दुसरी बाजू येते आणि वारा उलट दिशेने झोडपू लागतो. पहिल्या माऱ्यात खिळखिळे झालेले पत्रे आणि झाडे तेव्हा पडतात. १८ सप्टेंबर १९२६ रोजी अमेरिकेतील मायामी शहरावरून असाच डोळा गेला. तिथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख रिचर्ड ग्रे यांनी नोंदवले आहे की उसंत ३५ मिनिटे टिकली, तेवढ्यात रस्ते माणसांनी भरून गेले आणि वादळाच्या उत्तरार्धात अनेकांचे प्राण गेले. ही नोंद उपलब्ध असताना असा सल्ला पुढे ढकलणे अक्षम्य आहे.

तिसऱ्या वाक्यातले अर्धे मान्य करावे लागते. कमी दाबाच्या विस्तीर्ण क्षेत्रात हवा सेकंदाला काही सेंटीमीटर एवढ्याच गतीने चढते, तर आडवा वारा सेकंदाला दहा मीटर सहज वाहतो. पण सेकंदाला पाच सेंटीमीटर या गतीने सहा तासांत हवा एक किलोमीटरहून अधिक वर जाते, आणि ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला ती सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. एवढ्यावर आभाळ भरून यायला पुरते. जमिनीलगत चारी बाजूंनी आलेल्या हवेला वर जाण्यावाचून वाट नसते, आणि वर ती जितकी येते त्याहून अधिक बाहेर पसरली तरच खालचा दाब आणखी उतरतो. आडवी आणि उभी हालचाल अशी एकमेकींना बांधलेली असताना एकीला बिनमहत्त्वाची ठरवणे हे अज्ञान आहे. शिवाय गडगडाटी ढगात हीच चढती हवा सेकंदाला २०-३० मीटरचा वेग गाठू शकते, म्हणजे ‘संथ’ हेही सरसकट खरे नाही.

दमट हवा जड असते हे साफ चूक आहे. पाण्याचा रेणुभार १८, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२. त्यामुळे सारख्या तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी भरते. पाऊस तयार होतो तो चढत्या हवेत.

राहिले पहिले वाक्य. वाऱ्याला ढकलणारे बल कमी दाबाकडेच असते, एवढे खरे. पण पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळतो, उंचावर तर समदाब रेषांना (सारख्या दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) जवळजवळ समांतर वाहतो, आणि जमिनीलगत घर्षणामुळे थोडा तिरका आत शिरतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाब डाव्या हाताला असतो, हा डच हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांचा नियम १८५७ पासून खलाशांच्या उपयोगी पडत आला आहे. संदेशावर विसंबून वाऱ्याच्या रोखाने समोरच वादळाचे केंद्र शोधणारा माणूस अर्ध्या काटकोनाहून अधिक चुकेल.