हात धुऊन मागे लागू नये

आपल्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना संसर्ग-प्रतिबंधाचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली असेल, तर या प्रशिक्षणाचा संसर्गाशी काही संबंध असतो हा गैरसमज सर्वप्रथम मनातून काढून टाकावा. त्याचा संबंध फाइलीशी असतो. फाइलीत हजेरीपट, चार छायाचित्रे आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असला, की प्रशिक्षण झाले. मानांकनासाठी येणारे परीक्षक एखाद्या सिस्टरला हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखवायला सांगतात हे खरे आहे. परंतु त्यासाठी दोन चुणचुणीत सिस्टर आधीपासून तयार ठेवाव्यात आणि त्या दिवशी त्यांची ड्युटी परीक्षकांच्या वाटेवरच लावावी.

वेळ निवडताना रात्रपाळी नुकतीच संपलेल्यांना प्राधान्य द्यावे. बारा तास उभे राहिलेला माणूस खुर्चीवर बसला की प्रश्न विचारत नाही. स्लाइड इंग्रजीत असाव्यात, कारण त्या आयत्या मिळतात, आणि समोर बसलेल्या मावशी, मामा व वॉर्डबॉय यांना त्या समजल्या नाहीत तरी विषय गंभीर आहे एवढे नक्की समजते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग त्यात आवर्जून घ्यावेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यानंतर. मात्र त्याचा हिशेब श्रोत्यांना करू देऊ नये. तीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असेल, तिने प्रत्येक रुग्णाला रात्रभरात केवळ तीनदा हात लावला आणि दर वेळी आधी व नंतर हॅण्डरबने, म्हणजे पाण्याशिवाय हात स्वच्छ करणाऱ्या द्रावणाने, हात चोळले, तर ते एकशे ऐंशी वेळा होते. एका वेळेला किमान वीस सेकंद धरले तरी नेमका एक तास निव्वळ हात चोळण्यात जातो. हा हिशेब एकदा मांडला गेला, की बोलणे हातांवरून दुसऱ्या सिस्टरच्या रिकाम्या जागेकडे वळते, आणि तो आस्थापना विभागाचा विषय आहे.

प्रात्यक्षिके टाळलेली बरी. एका रुग्णालयात मी असे एक प्रात्यक्षिक पाहिले आहे. हातांना एक विशिष्ट लोशन लावायचे, नेहमीसारखे हात धुवायचे आणि मग जांभळ्या दिव्याखाली धरायचे, म्हणजे जिथे पाणी व साबण पोहोचला नाही तेवढा भाग चमकतो. बहुतेकांचे अंगठे, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या चमकल्या. एका मावशींचे मात्र तळहात सगळेच चमकत होते, कारण रोज फिनेल आणि हायपो या जंतुनाशकांत बुडून त्यांच्या त्वचेला भेगा पडल्या होत्या आणि लोशन त्या भेगांत जाऊन बसले होते. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे विचारले, “मॅडम, पण धुवायचं कशानं? आमच्या मजल्यावर गणपतीपासून साबण नाही.” तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. प्रशिक्षक अनुभवी होत्या. “छान प्रश्न आहे, आपण शेवटी घेऊ,” असे म्हणून त्या पुढच्या स्लाइडकडे वळल्या. शेवट येईपर्यंत मावशींना वॉर्डातून बोलावणे आले, आणि साबणाची जी बाटली कंपनीच्या प्रतिनिधीने प्रात्यक्षिकासाठी आणली होती, ती त्याच्याच पिशवीतून परत गेली.

इतिहासाची एखादी स्लाइड असली की व्याख्यानाला वजन येते. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचे छायाचित्र लावावे. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना त्यांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले, आणि एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेला बाळंतिणींचा मृत्युदर उन्हाळ्यात दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. इथे थांबावे. शेजारच्या, सुईणींच्या कक्षात मृत्यू आधीपासूनच कमी होते, डॉक्टरांना आपल्याच हातांनी रोग पसरतो हे ऐकवले नाही, सेमेलवाइस यांची त्या रुग्णालयातली नेमणूक पुढे वाढवली गेली नाही आणि १८६५ साली मनोरुग्णालयात जखम चिघळूनच त्यांचा अंत झाला, हा उत्तरार्ध सांगू नये. तो आपल्यापुरता लक्षात ठेवावा. त्यांची चूक एकच झाली: त्यांनी हात धुवायला सांगितले ते डॉक्टरांना.

ती चूक आपण करू नये. ज्येष्ठ सर्जनांची सही हजेरीपटावर हवीच, पण ती त्यांच्या ओपीडीत माणूस पाठवून घ्यावी. ते राऊंडला येतात, सहा पोटांवरची सहा ड्रेसिंग एकाच हाताने उचलून पाहतात, आणि मागे ट्रॉलीवर हॅण्डरबची बाटली ढकलत सिस्टर चालत असते. “सर, हात,” हे दोन शब्द उच्चारण्याचे प्रशिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. आपण ते सुरू करून रूढी मोडू नये.

जैववैद्यकीय कचऱ्याचा भाग सोपा आहे, कारण त्यात रंग आहेत. २०१६ च्या नियमांनुसार पिवळी पिशवी, लाल पिशवी, निळा डबा आणि सुयांसाठी पांढरा, न टोचला जाणारा डबा. हे रंग मावशींना पाठ असतात. पिवळ्या पिशवीत चुकून पडलेली सुई जिना उतरताना त्यांच्याच पोटरीला लागते, त्यामुळे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. शिकवायला हवे ते सुई टाकणाऱ्याला, पण तो त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये असतो.

सुई टोचल्याच्या नोंदवहीबद्दल मात्र विशेष दक्ष राहावे. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, आणि लस न घेतलेल्याला हेपटायटिस बीची सहापासून तीस टक्क्यांपर्यंत असते, ही माहिती स्लाइडवर जरूर द्यावी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावीत, हेही सांगावे. औषधांच्या कपाटाची किल्ली इनचार्ज सिस्टरच्या पर्समध्ये असते आणि ती पर्स पाच वाजता घरी जाते, हे सांगण्याची गरज नाही. लशीचे तीन डोस असतात, त्यातला तिसरा सहाव्या महिन्यात. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण तोपर्यंत कंत्राटदार बदललेला असतो आणि नव्या माणसांचा पहिला डोस नव्याने काढायचा असतो. राहता राहिली नोंदवही. ज्याने सुई टोचल्याचे कळवले त्याला “तुम्ही दोन्ही हातांनी कॅप का लावत होता?” असा लेखी खुलासा मागावा. एकदा मागितला की पुरतो. पुढचे कित्येक महिने नोंदवहीत ‘निरंक’ असा सुवाच्य शेरा पडत राहतो, आणि तोच तक्ता वार्षिक अहवालात प्रशिक्षणाचे फलित म्हणून देता येतो.

शेवटी चाचणी घ्यावी. प्रश्न दहा असावेत आणि उत्तरे प्रशिक्षकांनीच मोठ्याने वाचून दाखवावीत, म्हणजे वेळ वाचतो. आमच्या त्या कार्यक्रमात सगळ्यांना दहापैकी नऊ गुण मिळाले होते, आणि सगळ्यांचा चुकलेला प्रश्नही एकच होता, कारण तो वाचताना प्रशिक्षकांच्या हातून पान उलटले गेले. उत्तरपत्रिकेच्या तळाशी ‘आपल्या सूचना’ असा एक रकाना होता. गठ्ठ्यातल्या एका कागदावर त्या रकान्यात, बहुधा दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेला, एकच शब्द होता: ‘साबण’. असा कागद परीक्षकांपुढे जाणे इष्ट नाही. यावर उपाय अवघड नाही. पुढच्या वर्षी उत्तरपत्रिका छापायला देतानाच त्या रकान्यात ‘निरंक’ असे छापून घ्यावे.