मोर जरा मोठाच काढा

ब्लाउजवर भरतकाम करून घ्यायचं ठरवलंत, छान केलंत. लग्नसराई तोंडावर आहे, आरीवाल्या, म्हणजे आकडेदार सुईने भरतकाम करणाऱ्या, ताईंकडे ब्लाउजपिसांचा ढीग लागलाय आणि तुम्हाला मुहूर्ताच्या आठ दिवस आधी जाग आली आहे. हीच योग्य वेळ. महिनाभर आधी गेलात तर ती बाई निवांत असते, साडी दाखवा म्हणते, गळा किती खोल, हूक पुढे की मागे, असले खोदून खोदून प्रश्न विचारते. आठ दिवसांवर कार्य आलं की कोणी कोणाला काही विचारत नाही.

डिझाइन निवडताना अंगाचा विचार अजिबात करू नका. अंग नंतर. आधी मोबाइल. त्यात एक सडपातळ, उंच मुलगी पाठमोरी उभी असते, केस एका खांद्यावरून पुढे ओढून घेतलेले, पदर कुठे गायब झालाय कुणास ठाऊक, आणि पाठभर मोर. त्या मोरावर दोन बोटं ठेवा आणि मोठा करा. अजून थोडा. आता स्क्रीनभर झाला ना? मग फोन ताईंच्या पुढ्यात धरा नि म्हणा, “अस्सा हवा.” किती इंची, असं त्या विचारतीलच. “फोटोत आहे तेवढा,” हे उत्तर पाठ करून जा.

ताईंकडे टेप असते. ती बाहेर काढू देऊ नका, कारण टेप बाहेर आली की हिशेब सुरू होतो आणि हिशेबात हौस मरते. ब्लाउजची उंची १४ इंच. मागचा गळा खोल हवा, म्हणजे ९ इंच गेले. उरले ५. त्यातला इंचभर खालच्या दुमडीला. गळ्याच्या कडेला मोत्यांची ओळ तर हवीच, तिचा पाऊण इंच. हातात राहिली सव्वातीन इंचांची पट्टी, आणि तुमचा मोर पिसाऱ्यासकट ७ इंच. ताई म्हणतात, गळा वर घ्या नाहीतर मोर लहान करा. दोन्हीला ठाम नकार द्या. मग मोराची मान कापलेल्या गळ्यात जाते आणि उरलेला मोर ताईंच्या गळ्यात पडतो.

हूकही मागेच सांगा. मधोमध काढलेल्या मोराची त्याने उभी फाळणी होते. डोळा एका बाजूला, चोच दुसऱ्या. ज्या दिवशी घाईत एखादा हूक खालच्या लुपात अडकेल, त्या दिवशी मोराला उचकी लागल्यासारखी दिसेल. हे सुख पुढे हूक असलेल्या बायकांच्या नशिबी नाही.

आता जागा. पदर डाव्या खांद्यावर येतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेलं रहस्य आहे. त्यामुळे जास्तीत जास्त जरदोसी, कुंदन आणि पैसे डाव्या बाजूला घाला. उजवी बाही आणि उजवा खांदा दिवसभर उघडा, फोटोत सगळ्यात आधी तोच येतो, तिथे साधी बुट्टी पुरे. गुजराती पद्धतीने नेसणार असाल तर पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. अशा वेळी हा सगळा सल्ला आरशात पाहून वाचावा.

माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही हे सगळं पार पाडलं. पाठभर मोर, पंधरा दिवसांचं काम आठ दिवसांत. वर अंबाडा, अंबाड्याला गजरे, गजऱ्यांखाली शेला, आणि रिसेप्शनला पाठ टेकायला सिंहासनासारखी खुर्ची. फोटोग्राफर सगळे पुढून. मंगलाष्टकांच्या वेळी मामा म्हणून मीच तिच्या मागे उभा होतो, तेव्हा चांगली पाच मिनिटं तो मोर पाहायला मिळालेला या भूतलावरचा एकमेव माणूस मी. मला ते बदक वाटलं.

बाहीकडे वळू. बाहीचा मध्य कुठे असतो? कापड दुमडून, घडीवर. तो खांद्यावरून सरळ खाली येतो आणि बाहेरच्या अंगाला दिसतो. तुम्ही मात्र टेबलावर पसरलेल्या कापडाच्या डाव्या काठापासून अंदाजे चार बोटं मोजा. डोली तिथे काढा, भोई तिथे काढा, वधूवरांची नावंही तिथेच. बाही शिवून झाली की वरात काखेतून निघते. काखेजवळ कटदाणा आणि मोठे खडे भरायला विसरू नका. हात खाली घेतला की टोचतं, त्यामुळे नवरी सतत कोपर अंगापासून लांब धरून उभी राहते आणि सासरच्यांना ती फार रुबाबदार वाटते.

या सगळ्यात एक पथ्य कडकपणे पाळायचं. टेलरमास्तर आणि आरीवाल्या ताई यांची गाठ पडू द्यायची नाही. दोघं भेटले की कट शिजतो. मास्तर आधी न कापलेल्या कापडावर पाठ, पुढचे भाग नि बाह्या खडूने आखून देतात, टक्स, म्हणजे फिटिंगसाठी शिवायच्या चिमट्या, कुठे येणार ते दाखवतात, शिवणीला इंच-दीड इंच सोडायला सांगतात. ताई मग खाका, म्हणजे नक्षी टोचलेला कागद, त्या रेघांच्या आत बसवतात, त्यावरून घासलेटात कालवलेली पूड फिरवतात, कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणतात आणि आखल्या जागेतच साखळी घालत जातात. कापणं सगळ्यात शेवटी. इतकं सरळ काम झालं तर तुम्ही कोणावर ओरडणार? म्हणून पीस थेट ताईंकडे टाका, सोबत बारावीला असताना शिवलेला एक ब्लाउज मापाला द्या. भरून आलं की तेच मास्तरांकडे टाका. मास्तर टक्स घालतील तेव्हा दोन्हीकडचं एकेक कमळ त्यात जाईल, शिवणीत आलेल्या मोत्यांवर त्यांच्या मशीनच्या सुया मोडतील आणि ते तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतील ती नजर तुम्ही विसरणार नाही.

आरी महाग वाटली तर कॉम्प्युटरवालं भरतकाम आहेच. तिथल्या पोराला फक्त एवढंच सांगायचं, “आहे तेच डिझाइन, नुसतं थोडं मोठं कर.” तो म्हणेल, पंचिंग, म्हणजे मशीनसाठी डिझाइनची फाइल, नव्याने करावं लागेल. तो लुटायला बसलाय असं समजा. त्याच्या फाइलमध्ये म्हणे चित्र नसतंच, टाक्यांची यादी असते. सुई इथे टोच, आता तिथे टोच. ती यादी नुसती ताणली तर टाके तेवढेच राहतात, मधली अंतरं वाढतात आणि मोराच्या अंगातून ब्लाउज डोकावतो. आवळली तर तेच टाके एकमेकांच्या उरावर बसतात, दोरा तुटत राहतो नि कापड पत्र्यासारखं ताठ होतं. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं म्हणतो. तुम्ही दुप्पट मागा. घरगुती मशीनची कापड ताणायची रिंग पुष्कळदा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरची असते, ही काही तुमची अडचण नाही.

पुरुषमंडळींनी इथून उठून जाऊ नये. गणपती आले की मंडळाचे टी-शर्ट येतात, आणि तेव्हा तुमचीही परीक्षा असते. या धंद्यात मुरलेली माणसं छातीवरचं बोधचिन्ह साधारण साडेतीन इंच रुंद ठेवतात, खांदा मानेला मिळतो तिथून सात-आठ इंच खाली घेतात, कॉलरचा टी-शर्ट असेल तर बटनपट्टीच्या खालच्या टोकाच्या आसपास आणतात. पण त्यांना कार्यकारिणीत कोणी घेतलेलं नाही. कार्यकारिणीला त्याच साडेतीन इंचांत गणपती, मंडळाचं पूर्ण नाव, पेठ, चौक, स्थापनेचं वर्ष, नोंदणी क्रमांक आणि टी-शर्टांचं सौजन्य करणारे दादा हवे असतात.

अक्षराची उंची ५ मिलिमीटरच्या खाली गेली की सुईदोऱ्याला ते झेपत नाही, कारण दोऱ्याला स्वतःची जाडी असते. त्यात आपली लिपी ही अशी. रोमन अक्षर बिचारं दोन रेघांत गुमान बसतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधे जोडाक्षर कुस्ती खेळतंय. ‘सार्वजनिक’चा रफार गाठ होऊन बसतो. ‘मंडळ’वरचा अनुस्वार बुडतो नि छातीवर ‘मडळ’ मिरवत पोरं ढोल वाजवतात. तरी मजकूर कमी करू नका. फक्त दादांचं नाव तेवढं मोठ्या अक्षरात घ्या, ते वाचता आलं नाही तर पुढच्या वर्षी टी-शर्ट नाहीत.

सगळ्या मापांना एकच खूण करा, आणि ती खांद्यापासून नको, खालच्या शिवणीपासून मोजा. ३६ मापाच्या पोराचं बोधचिन्ह मग गळपट्टीला लागतं आणि ४४ मापाच्या अध्यक्षांचं पोटावर उतरतं. तिथे लंबोदर शोभूनच दिसतो. कापड ताणणारं होजिअरीचं असेल तर मागे जाड पेपर लावतात, नाहीतर टाक्यांभोवती चुण्या पडतात. त्या पेपरचे पैसे वाचवा. आणि खिसा असलेला शर्ट निवडलात तर खिसा शिवून झाल्यावरच त्यावर भरतकाम करून घ्या. सुई दोन्ही थरांतून आरपार जाते, खिसा कायमचा बंद. निदान खजिनदाराच्या शर्टाला ही सोय असावीच.

जुन्या बायकांना जागेची अक्कल फार होती असं समजू नका. आमच्या आजीने उशीच्या अभ्र्याच्या ऐन मध्यावर गाठीच्या टाक्यांचा गुलाब भरला होता. आजोबा सकाळी उठायचे ते गालावर गुलाब घेऊन, आणि दूध घालणारा रोज तो बघायचा. कोपऱ्यात भरला असता तर कोणाला दिसला असता? इरकल साड्यांवर कसुती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम, भरणाऱ्या बायका मात्र खरंच वेगळ्या. कापडाचे धागे मोजून टाका, गाठ मारायची नाही, उलट-सुलट दोन्हीकडून सारखं. गोपूर असो की हत्ती, त्याचा आकार त्या विणीच्या मोजणीतून ठरायचा. मोठे नग पदराशी, जिथे लोकांची नजर जाते तिथे. तिथून लांब जावं तशा बुट्ट्या बारीक आणि विरळ. दोन बोटांनी मोठं करायची सोय नसल्याने त्यांना डोळे वापरावे लागत. त्यांचा आदर करावा, अनुकरण करू नये.

अजून एक पोरकट प्रकार काही लोक करतात, तोही सांगून ठेवतो म्हणजे टाळता येईल. डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापायचं, कडेने कापायचं, जुना ब्लाउज अंगात घालून ते पाठीवर टाचणीने लावायचं, वर साडी नेसायची, केस बांधायचे आणि घरातल्या कोणाला तरी चार पावलं मागे उभं करून विचारायचं. बसून बघायचं, हात वर करून बघायचं. कागदाला खर्च दोन रुपये. सगळी चूक त्या दोन रुपयांत कळते आणि मग आठ हजारांची चूक करायला काही उरतच नाही.

इतकं करूनही मोर चुकलाच तर घाबरू नका. उसवायला सांगा. रेशमी कापडावर जिथे सुई गेली तिथे भोकं राहतात, चांगली रांगेने, मोराच्याच आकाराची. ती झाकायला त्याहून मोठं काहीतरी काढावं लागतं. मोरावर कमळांचं तळं, तळ्यावर हत्ती. लग्न पार पडेपर्यंत तुमच्या पाठीवर राणीची बाग उभी राहते आणि ब्लाउज खुंटीला लावला की खुंटी वाकते.

मग शेवटी ताई कागद-पेन घेऊन बसतात. साडेतीन इंचांचा मोर ७ इंचांचा केला की तो उंचीलाही वाढतो नि रुंदीलाही, म्हणजे काम दुप्पट नाही, चौपट होतं. पुन्हा उसवण्याची मजुरी, मोती, खडे, रात्रीची जागरणं. त्या आकडा सांगतात. इथे सगळी ताकद एकवटायची. ब्लाउज हातात घ्यायचा, पाठीचा भाग डोळ्यांजवळ आणायचा, डोळे बारीक करायचे, मोर शोधल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, “अहो ताई, एवढास्सा तर आहे!”