दोनशे किलोहर्ट्झचा संसार

ऑसिलोस्कोपचा घरात काय उपयोग, या प्रश्नाला उत्तर नाही. मिक्सर वाटतो, इस्त्री कपडे कडक करते, ऑसिलोस्कोप नुसता दाखवतो. काय दाखवतो? तर तारेतला विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा वरखाली होतो ते. "मग होऊ दे की वरखाली, आपल्याला काय त्याचं?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी शास्त्रीय उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. आमच्या घरात क्षणाक्षणाला वरखाली होणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या ऑसिलोस्कोपशिवाय स्वच्छ दिसतात.

तरी मला तो हवा होता. याचं मूळ पॉलिटेक्निकात आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आम्हाला 'सीआरओ' होता, म्हणजे कॅथोड रे ऑसिलोस्कोप. अख्ख्या बॅचला एक. त्याच्या बटणांना हात लावायचा अधिकार फक्त लॅब असिस्टंटना. त्यांच्या खांद्यावरून जेवढी हिरवी रेघ दिसेल तेवढी आपली. जर्नलमध्ये मात्र प्रत्येकाची साइन वेव्ह, म्हणजे गोलसर वळणांची लाट, देखणी, कारण ती मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेली असायची, आणि मागच्या वर्षीच्यांनी ती त्यांच्या मागच्यांकडून घेतलेली. कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ साली कॅथोड किरणांच्या नळीवर हा चमत्कार दाखवला. आमच्या जर्नलांमधली लाट बहुधा तेव्हापासूनच एकमेकांची बघून काढत आणलेली असावी. पुढे मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो. तिथे लाटा येत नाहीत, फक्त मार्चअखेर येते.

दोन चॅनलचा, म्हणजे एकाच वेळी दोन लाटा दाखवणारा, बरा, तयार ऑसिलोस्कोप घ्यायचा तर आकडा पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातो. तो घरात सांगायची सोय नव्हती. मग 'डीएसओ १३८' दिसला. हा किट असतो, म्हणजे आपला आपण जोडायचा. पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात एक पाटी, २.४ इंची रंगीत पडदा, चिमुकल्या पिशव्यांमधून सुटे भाग आणि मुंगीच्या अक्षरात छापलेली माहितीपत्रिका. किंमत दोन हजारांच्या आसपास. एक चॅनल, सेकंदाला दहा लाख नमुने, २०० किलोहर्ट्झपर्यंतची, म्हणजे सेकंदाला दोन लाख वेळा वरखाली होणाऱ्या लाटेपर्यंतची झेप. २०० किलोहर्ट्झ म्हणजे फार नाही. रेडिओच्या मध्यम लहरींचा पट्टाच मुळी ५३० किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे रेडिओ याच्या आवाक्याबाहेरच. पण संसारी माणसाच्या घरात २०० किलोहर्ट्झच्या वर असं घडतं तरी काय?

याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. दहा विक्रेते, फोटो एकच, आणि दहाही जण 'ओरिजिनल'. त्यांतल्या एकाला निवडायचं म्हणजे पत्रिका न बघता लग्न ठरवायचं धाडस. मी सगळ्यांत महागडा स्वस्त किट निवडला. एक शहाणपण मात्र केलं. प्रोसेसर आणि बाकीचे भुंग्याच्या पायाएवढे भाग आधीच पाटीवर बसवलेले असतात, तो प्रकार मागवला. ते सगळं आपलं आपण चिकटवायचं असाही प्रकार मिळतो. तो बहुधा अविवाहितांसाठी असावा.

किट स्वस्त का असतो, हे हत्यारं आणायला गेल्यावर कळतं. बनवायची मजुरी त्यांनी आपल्यावर टाकलेली असते आणि मजुराची हत्यारंही मजुरानंच आणायची असतात. मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की माणूस बुधवार पेठेतच जातो आणि दुकानदारांनाही ते माहीत असतं.

"पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न द्या."

"कशाला पाहिजे?"

"ऑसिलोस्कोप बनवायचाय."

दुकानदारानं माझ्या केसांच्या रंगाकडे पाहिलं. "मुलाचं प्रोजेक्ट का?"

"नाही, माझंच."

"मग काही घाई नाही," असं म्हणून तो माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

यथावकाश आयर्न मिळालं. मग त्याला ठेवायचा स्टँड, सोल्डरची, म्हणजे वितळवून टाके घालायच्या धातूच्या तारेची रीळ, टाका नीट बसावा म्हणून लावायच्या फ्लक्सची डबी, चुकलेला टाका उपसायचा पंप, तारा कापायची नाजूक पक्कड, मल्टिमीटर आणि नऊ व्होल्टचा अडॅप्टर. हो, अडॅप्टर किटमध्ये येत नाही. एवढं सगळं घेऊन बेरीज केली तर किटपेक्षा हत्यारांचाच खर्च जास्त निघाला. मी घरी आकडा सांगितला तो किटचा. विचारलंही तेवढंच होतं. विम्याच्या धंद्यात यालाच प्रीमियम सांगणं म्हणतात, बाकीच्या गोष्टी बारीक अक्षरात.

जोडणी जेवणाच्या टेबलावर सुरू झाली. माहितीपत्रिकेचा पहिला हुकूम रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे भाग, लावा असा. रेझिस्टरवर किंमत लिहिलेली नसते, रंगाचे पट्टे असतात. आमच्या वेळी चार पट्टे असायचे, पिवळसर अंगावर, ठसठशीत. हे एक टक्कावाले, पाच पट्ट्यांचे, अंग निळं आणि जाडी शेवईएवढी. निळ्यावर तपकिरी, लाल आणि नारिंगी हे तीन रंग एलईडी दिव्याच्या उजेडात एकच दिसतात. वर कुठल्या बाजूनं वाचायचं तेही नक्की कळत नाही. मुलीला बोलावलं. तिचे डोळे चांगले.

"बाबा, हा मरून आहे."

"मरून असा रंगच नाही यात. तपकिरी की लाल?"

"मरूनच आहे. हा कॉपर. आणि हा रस्ट."

साड्यांच्या दुकानात उपयोगी पडणारी ही दृष्टी इथे निकामी ठरली. शेवटी एकेक रेझिस्टर मल्टिमीटरनं मोजून कागदावर चिकटवत गेलो. पत्रिकाही तेच सांगते: लावण्याआधी मोजा. ती पट्ट्यांवर विश्वास ठेवत नाही, मग मी का ठेवावा?

सिरॅमिक कपॅसिटरांवर, म्हणजे थोडी थोडी वीज साठवणाऱ्या भागांवर, मात्र आकडे असतात. '१०४' म्हणजे दहावर चार शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. हे मी आईला समजावून सांगत होतो. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डाळ निवडत बसली होती. या कपॅसिटरांचा रंग आणि आकार हुबेहूब तुरीच्या डाळीसारखा असतो, हे माझ्या आधी तिच्या लक्षात आलं. एक कमी भरत होता. आमच्या घरी ठिपक्याठिपक्यांची जुनी मोझॅइक फरशी आहे. तिच्यावर पडलेली वस्तू हरवत नाही, फरशीत विलीन होते. टॉर्च, झाडू, लोहचुंबक, सगळं झालं. कामाला येणाऱ्या मावशींनी सुपली तपासली. संध्याकाळी आईनं ताटलीतून एक दाणा उचलून माझ्यासमोर धरला. "हा बघ तुझा एकशे चार. याला पाय आहेत म्हणून वाचला, नाहीतर शिजलाच असता."

सोल्डर करणं म्हणजे तीन हातांचं काम दोन हातांनी करणं. एका हातात आयर्न, दुसऱ्या हातात सोल्डर, आणि पाटी धरायला तिसरा हात हवा असतो तो देवानं दिलेला नाही. फ्लक्समध्ये राळ असते. तिचा धूर घरभर झाला आणि आईनं दिवाणखान्यातून विचारलं, "आज काय आहे रे, धूप लावलास तो?" छोट्या भागांचं जमतं. खरा गळा धरतो तो प्रोब, म्हणजे मोजायची तार, जिथे लावायची तो बीएनसी सॉकेट. त्याचं अंग सगळं धातूचं. आयर्नची उष्णता टाक्यावर थांबतच नाही, सगळी सॉकेट पिऊन टाकतो आणि सोल्डर वर गोळा होऊन बसतं, खाली उतरत नाही. पंचवीस वॅट तिथे गार पडतात. तेवढ्यात शेजारचे काका आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि सोल्डरचा वास त्यांना भिंतीपलीकडून येतो.

शेवटी सॉकेटसकट सगळं लागल्यावर पत्रिका एकदम सावध होते. पडदा लगेच लावू नका, आधी नऊ व्होल्ट द्या, अमक्या ठिकाणी ३.३ व्होल्ट येतात का ते मोजा, आले तर वीज काढून अमका जोड सोल्डरनं बंद करा, मगच पुढे. ३.३ आले. एलईडी लुकलुकला. पडदा बसवला. पडदा उजळला, चौकटी आल्या आणि त्यांच्या मधोमध एक सरळ रेघ. ढिम्म.

"ड्राय सोल्डर," काका न बघताच म्हणाले, म्हणजे वरून बसलेला दिसणारा पण आत न धरलेला टाका. त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत दुसरा बिघाड झालेलाच नाही. ते ड्राय सोल्डर कसा ओळखावा, तो कुठल्या टेलिफोन केंद्रात किती वाजता सापडला होता, साहेब काय म्हणाले होते, हे सगळं सांगत असताना मुलीनं पाटीच्या कडेचा छोटा स्विच सरकवला. तो 'जीएनडी'वर होता, तिनं 'डीसी'वर नेला. 'जीएनडी'वर रेघ सरळच येते, तिथे यंत्राला बाहेरचं काही ऐकूच येत नाही. काका अजून केंद्रातच होते.

मग कॅलिब्रेशन. यंत्र स्वतःच एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट तयार करतं. ती बाहेर काढायला कापलेल्या रेझिस्टरच्या पायाची कडी करून लावायची, तिला प्रोबची लाल चिमटी अडकवायची आणि दोन ट्रिमर, म्हणजे फिरवून जुळवायचे छोटे कपॅसिटर, फिरवत लाटेचे कोपरे काटकोनात आणायचे. कमी फिरवलं की खांदे पडतात, जास्त फिरवलं की शिंगं फुटतात. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला की लाट बरोबर, हात काढला की बिघडते, कारण मध्ये आपलीच कपॅसिटन्स येते, म्हणजे आपलं अंगही कपॅसिटरसारखं वागतं. प्लॅस्टिकचं टोक हवं. मला विणकामाची सुई मिळाली, ती कुणाची ते इथे सांगत नाही. पण यातली खरी गंमत अशी, की हा ऑसिलोस्कोप बरोबर आहे हे कशावरून? तर त्यानंच बनवलेली लाट तो चौकोनी दाखवतो यावरून. खात्री करायची तर दुसरा ऑसिलोस्कोप पाहिजे. हे वाक्य मी घरात मोठ्यानं बोललो नाही.

उद्घाटनाला प्रोबच्या टोकाला बोट लावलं. पडद्यावर लाट उभी राहिली, वेडीवाकडी, पण जिवंत. घरभरच्या वायरिंगमधून ५० हर्ट्झची वीज हवेत पाझरत असते आणि आपलं शरीर ती अँटेनासारखी पकडतं. एका लाटेला वीस मिलिसेकंद, मोजून घ्यावेत इतके बरोबर. मग रांग लागली. बायकोची लाट माझ्यापेक्षा उंच आली, यावर कुणी भाष्य केलं नाही. आईची सगळ्यांत मोठी. ती भिंतीच्या बोर्डाशेजारी बसली होती एवढंच त्याचं कारण, पण ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. काकांनी बोट लावलं आणि गंभीर झाले.

"हा ईसीजी का?"

"नाही काका, ही भिंतीतली वीज."

"मग बीपी तरी कळेल."

ते आता थेट प्लगातच प्रोब घालून बघू म्हणाले. त्यांना थांबवावं लागलं. आपल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि याची सहनशक्ती ५० ची. "आमच्या वेळी असं नाजूक काही नव्हतं," ते म्हणाले.

आणि मग एका रविवारी ते रिमोट घेऊन आले. टीव्ही लागत नव्हता. "तुझं ते मशीन आहे ना, त्यावर लाव." मी बायकोकडे पाहिलं. उपयोग! माणूस आपण होऊन उपयोग घेऊन दारात आला होता. रिमोट अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची उघडझाप करतो, बहुतेक वेळा सेकंदाला ३८ हजार वेळा, म्हणजे आमच्या २०० किलोहर्ट्झच्या आत आरामात. माझ्याकडे 'टीएसओपी १७३८' हा तीन पायांचा रिसीव्हर होता. त्याला जुन्या मोबाईल चार्जरचे पाच व्होल्ट दिले, प्रोब लावला, पडदा एकदाच लाट पकडून थांबणाऱ्या 'सिंगल'वर ठेवला आणि काकांना बटण दाबायला सांगितलं. आलं! आधी ९ मिलिसेकंदांचा लांब खड्डा, मग साडेचार मिलिसेकंदांची उसंत, मग बारीक खड्ड्यांची माळ. मी समजावून सांगितलं, की मधली जागा आखूड असली तर शून्य, लांब असली तर एक, आणि यातच टीव्हीचा पत्ता आणि बटणाचा नंबर असतो.

"ते राहू दे. चांगला आहे का बिघडलाय?"

मी उत्तर देणार इतक्यात मुलीनं रिमोट घेतला, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा उघडला आणि त्याच्यासमोर बटण दाबलं. मोबाईलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. "चालू आहे, काका. टीव्हीसमोर काही ठेवलंय का?"

काकूंनी नवी फुलदाणी ठेवली होती. टीव्हीच्या बरोबर डोळ्यासमोर.

काका उठले. "हुशार आहे पोरगी," ते मला म्हणाले, आणि चपला घालता घालता थांबले. "तेवढं बीपीचं बघून टाकू उद्या. उपाशीपोटी येऊ, का चहा चालेल?"