उपवासकाळ तब्येतीत कसा घालवावा

ईस्टरआधीचा आपला प्रायश्चित्ताचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला लागलेली राख घरी पोहोचायच्या आत रुमालाने टिपली की निम्मं प्रायश्चित्त उरकतं. उरलेलं निम्मं अंगाला घाम न येता कसं उरकावं, ते वसईतल्या पन्नासेक उपवासकाळांच्या अनुभवावरून सांगते.

संकल्प असा धरा, जो डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलाय. साखर सोडलीत की डायबेटिस आणि देव दोघेही खूश.

दिवस मोजायला शिका. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत भरतात ४६. त्यातले सहा रविवार वगळायचे म्हणून ४०. पैकी खरा उपवास दोनच दिवस, पहिला बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही वयाची साठी लागेपर्यंतच. आमच्याकडे पंचावन्नाव्या वर्षापासूनच साठी लागते.

शुक्रवारी मांस वर्ज्य. घाबरू नका, आपल्याला देवाने अर्नाळ्याचं बंदर दिलंय. मटणाचा त्याग करून सुरमई आणा, जमल्यास पापलेट. कोंबडीच्या दुप्पट पैसे मोजून केलेला त्याग वर नक्कीच मोठ्या अक्षरांत लिहिला जात असणार.

क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेला, मागचा बाक पकडा. चौदाव्या स्थानाला पार्किंगमधून गाडी आधी निघते.

आता सेवा. हिच्यासाठी फक्त मोबाईल चार्ज असावा लागतो. आमच्या आळीत एक आजी आठ महिने अंथरुणाला खिळून आहेत. सून रात्रभर जागते. तिला दुपारी जरा पाठ टेकता यावी म्हणून मी ग्रुपवर सुचवलं, घरटी एक दुपार वाटून घेऊ, दोन ते पाच. टाकायचा अवकाश, सत्तावीस जणांनी हात जोडले. नऊ आमेन, एक कबुतर, एक पेटती मेणबत्ती. कुणी म्हणालं, आजींसाठी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, करू या. तिलाही हात जोडले. यादी तयार झाली, यादीलाही हात जोडले. सोमवारी जिची पाळी, तिच्याकडे पाहुणे आले. मंगळवारवालीचं डोकं दुखलं. बुधवारवालीने कळवलं, 'येता येत नाही, पण प्रार्थनेत आठवण ठेवलीय.' अगं बाई, आजींची कूस आठवणीने बदलत नाही! एकीने खांदा धरायचा, दुसरीने कंबर, दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिन्ही दिवस मीच गेले. गुरुवारीही मीच, शुक्रवारीही मीच, आणि शुक्रवारी आजींच्या खिडकीतून शेजारच्या सुरमईचा वास येत होता.

बायबलमधल्या याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकी हीच माणसं धरली आहेत. उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही. तेव्हा मोबाईल नव्हता, एवढाच फरक.

संतांना मात्र विसरू नका. आपला गोन्सालो गार्सिया, वसईचाच पोरगा. जपानात व्यापार बरा चालला होता. तो सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संन्याशांमध्ये ब्रदर झाला, दुभाष्या म्हणून परत जपानात गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढला. १८६२ साली संत झाला. आपण त्याच्या सणाला बँड लावतो. बँडच्या वर्गणीत कुणी मागे राहत नाही हो, ते मान्य करते.

जाऊ दे. हसत हसत सांगायचं ठरवलं होतं, जमत नाही. तुम्ही वाईट माणसं असतात तर मी बोललेच नसते. कुणाच्या लग्नात दोनशे पानं वाढायला तुम्हीच कंबर कसून उभ्या असता, कुणाच्या मयताला रात्रभर बसता. मग जिवंत म्हातारीपाशी तीन तास बसायला काय होतं तुम्हांला? वाड्यांत पानवेली लावलेल्या माणसांची आपण लेकरं. पानवेल आपोआप वर चढते का? रोज पाणी घालावं लागतं, वाकून वाकून बांधावी लागते, तेव्हा पान येतं. हे ज्यांना कळतं, त्यांना विश्वास तेवढा चर्चच्या बाकावर बसल्या बसल्या वाढेल असं वाटतं! लाज वाटायला हवी. मलाही वाटते, कारण मी गेले तीसुद्धा यादी मीच केली होती म्हणून.

उद्या दुपारी दोन वाजता. पाळी कुणाची ते यादीत आहे. पेज मी करून ठेवते, भरवायला या. आणि कृपा करून हात जोडू नका, दोन्ही मोकळे लागतील.