फसली सन 1350 चा धुरा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. परंतु आमच्यासारख्यांना ती चढावी लागत नाही, आमचा जन्मच तिच्यावर होतो. धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, हा दावा आजोबांनी लावला, वडिलांनी चालवला आणि आता तो माझ्या नावावर आला आहे. शेताचा फेर, म्हणजे सातबारावरचा नावबदल, मात्र अजून व्हायचा आहे. दिवाणी दाव्यात पक्षकार गेला म्हणून दावा जात नाही, फक्त 90 दिवसांत मयताचे वारस दाव्यात आणावे लागतात. भावकीतले तात्या वारले तेव्हा एका प्रतिवादीच्या जागी सात प्रतिवादी आले. त्यांतल्या दोघी पुण्यात, एक हैदराबादेत, आणि एकाचा पत्ता खुद्द त्याच्या सख्ख्या भावांनाही ठाऊक नाही. शिपाई पुकारा करतो तेव्हा ही सात नावे तो एका दमात घेतो आणि आठव्या नावाला, म्हणजे माझ्या, त्याचा दम संपलेला असतो. वादातली जमीन मात्र पूर्वी होती तेवढीच, दीड हात रुंद आहे.

1 जुलै 2024 रोजी इंग्रजांची 1860 ची दंडसंहिता आणि 1872 चा पुराव्याचा कायदा जाऊन त्यांच्या जागी भारतीय नावांचे नवे कायदे आले, तेव्हा मी मोठ्या उमेदीने वकीलसाहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "आपला दावा दिवाणी आहे. आपल्याला 1908 चीच दिवाणी प्रक्रिया संहिता." आता गंमत अशी, की मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इंग्रजांचा अंमल आमच्यावर थेट कधी नव्हताच, त्यांची ही संहिता आम्हाला लागू झाली ती 1951 साली, म्हणजे ते बोटीत बसून गेल्यावर. गुलामीचा वारसा आम्ही स्वातंत्र्यात मिळवलेला आहे.

याच संहितेत 2002 पासून असेही लिहिलेले आहे, की सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षकाराला तीनहून अधिक वेळा तहकुबी देऊ नये. हा नियम मी वकीलसाहेबांना वाचून दाखवला. त्यांनी तो आस्थेने ऐकून घेतला आणि सांगितले, की पक्षकाराच्या आवाक्याबाहेरचे कारण असल्यास न्यायालयाला तहकुबी देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली म्हटले आहे. आमच्या तालुक्यात कोणाच्या आवाक्यातले कारण मी अजून पाहिलेले नाही. साहेबांची बदली होते, वकील दुसऱ्या कोर्टात अडकतात, प्रतिवादी क्रमांक चारच्या मेहुण्याचे लग्न निघते. सुधारणा झाली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पूर्वी काहीच झाले नाही हे कळण्यासाठी तालुक्याला जावे लागे, आता तेच भ्रमणध्वनीवर कळते. जावे तरीही लागतेच.

आमचा एकमेव भक्कम पुरावा म्हणजे निजामकाळचा एक उर्दू कागद. घड्यांवर तो इतका झिजला आहे, की उघडताना श्वास रोखावा लागतो. त्यावर निजामाच्या महसुली कालगणनेतली, इस्फंदार महिना आणि फसली सन 1350 अशी तारीख आहे. त्यात 590 मिळवले की इसवी सन 1940-41 निघते. हे गणित मला तोंडपाठ आहे, परंतु वाचता एक अक्षर येत नाही. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेल्यापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना सवड मिळेनाशी झाली आहे, तेव्हा एका निवृत्त उर्दू गुरुजींच्या ओसरीवर बरेच बसून मी भाषांतर करवून घेतले. कागदात धुऱ्यावरच्या बाभळीचा उल्लेख निघाला. ही बाभूळ माझ्या जन्माआधीच सरपणात गेली होती, तरी मला धन्य वाटले.

भाषांतर दाखल होताच प्रतिपक्षाच्या वकिलांनी हरकत घेतली, की गुरुजींची साक्ष आणि उलटतपासणी झाल्याखेरीज हा कागद वाचला जाऊ नये. समन्स निघाले आणि वेळ वाचावा म्हणून ते दस्ती, म्हणजे हातोहात, घेऊन मीच गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून तारीख पाहिली आणि म्हणाले, "या दिवशी नाही जमायचं. आमच्या वाटणीच्या दाव्यात त्याच दिवशी माझी तारीख आहे, जिल्ह्याला."

मी घाबरून वकीलसाहेबांना कळवले, तेव्हा ते कधी नव्हे ते प्रसन्न झाले. इतके सबळ कारण त्यांना तहकुबीच्या अर्जासाठी आजवर मिळाले नव्हते. "फक्त," ते म्हणाले, "गुरुजींच्या दाव्यातल्या रोजनाम्याची, म्हणजे तारखांच्या नोंदीची, एक नक्कल तेवढी काढून आणा."